आधी त्यानं बोलावं

आमच्या घरात दोन भाऊ आहेत आणि दोघांनाही बोलता येतं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण गेल्या उन्हाळ्यापासून त्यांना एकत्र पाहणाऱ्याची तशी खात्री पटली नसती. मोठा माझा नवरा, म्हणून त्याला मी अरेतुरे करते. धाकटे माझे दीर, म्हणून त्यांना भाऊजी म्हणते आणि अहोजाहो करते. अकलेकडे बघून मान द्यायचा ठरवला असता तर दोघांपैकी कुणालाच अहो म्हणावं लागलं नसतं.

आम्ही दातांच्या दवाखान्यातली खुर्ची बनवतो. खुर्चीचं लोखंड आणि रेक्झिन बाहेरून येतं. ती वरखाली करणारं, पाठ मागे नेणारं, दिवा लावणारं आणि चूळ भरायचा पेला भरणारं जे इलेक्ट्रॉनिक्स असतं, ते आमचं. घराच्या खालच्या मजल्यावर वर्कशॉप आहे. ते सासऱ्यांनी सुरू केलं. आता ते निवृत्त झालेत, पण प्रत्येक नव्या खुर्चीच्या चाचणीला पेशंट म्हणून तेच आडवे होतात आणि दिवा लागायच्या आत घोरू लागतात. खुर्ची पास होण्याची ही पहिली पायरी आहे, असं त्यांचं म्हणणं आहे.

खुर्चीच्या बुडाशी मोटरींचा बोर्ड असतो, तो नवरा बनवतो. डोक्याशी दिव्याचा, पाण्याचा आणि बटणांचा बोर्ड असतो, तो भाऊजी बनवतात. दोन्हींवर एकेक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोर्डाचा छोटासा मेंदू, आणि दोघांच्या मध्ये, खुर्चीच्या पाठीतून गेलेल्या, एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा. या दोन बोर्डांचं सगळं बोलणं त्या तारांवरून चालतं. डॉक्टरांनी बटण दाबलं की वरचा खालच्याला सांगतो, पाठ मागे घे. खालचा सांगतो, घेतली, आता दिवा लाव. यात भांडायला कुठं जागा आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं.

झालं असं, की खुर्ची मागे जाताना पेशंटला बरं वाटावं म्हणून भाऊजींनी तिच्यात एक बारीकशी धून घातली होती. एका गिऱ्हाइकासमोर ती वाजली. नवरा म्हणाला, "आपण काय खेळणी विकतो का?" गिऱ्हाईक हसलं. भाऊजी हसले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी खुर्चीतली धून काढून टाकली आणि दादाशी बोलणंही. चारचौघांत असं बोलायला नको होतं, हे नवऱ्याला त्याच रात्री कळलं होतं. मला त्यानं तसं सांगितलंही. पण भावाला सांगायची वेळ आली की म्हणायचा, "तो बोलला तर मी बोलेन ना." भाऊजी म्हणायचे, "वाकडं बोलले ते. आधी त्यांनी बोलावं." अबोल्यात दादाला ते 'ते' म्हणायला लागले होते, इतकं प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

मधल्या मध्ये मी. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून एक म्हणणार, "त्याला सांग, सोल्डर संपलंय," आणि दुसरा म्हणणार, "वहिनी, त्यांना सांगा, मागवलंय." मी दोघांकडे बघून म्हणायचे, "ऐकलं." वर जेवायला बसलं तरी तेच. मीठ हातभर अंतरावर असायचं, पण ते माझ्यावरून फिरून जायचं.

आता या धंद्यातली एक गंमत सांगते. मायक्रोकंट्रोलरच्या पोटातच बस कंट्रोलर नावाचा एक भाग असतो. तारेवरून निरोप धड आला की तो स्वतःच 'पोचला' अशी खूण परत देतो. मुख्य प्रोग्रॅमला विचारत बसत नाही. प्रोग्रॅम झोपलेला असो, रुसलेला असो, पोच मिळते. माझ्या नवऱ्यात आणि दिरात असा भाग कुणी बसवलेला नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं.

तसं माझं खरं काम चाचण्यांचं. तारांना जोडायची एक छोटी पेटी माझ्याकडे असते. दोन बोर्ड आपसांत काय बोलतात ते ती ऐकते, मला पडद्यावर दाखवते आणि अधूनमधून स्वतःही 'कोण कोण आहे' अशी हजेरी घेते. भाऊजींनी तिचं नाव चोंबडी ठेवलं होतं. दुसऱ्यांच्या बोलण्यात नाक खुपसणारी म्हणून. हे नाव पेटीचं आहे की माझं, हे मी कधी विचारलं नाही. भाऊजी मला आवडतात. या घरात माझ्या विनोदांना हसणारे ते एकटेच.

आणि तेच निघाले होते. दुसऱ्या गावातल्या एका मोठ्या कंपनीनं त्यांना बोलावलं होतं, शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. "ते एकदा 'थांब' म्हणाले तर मी जाणार नाही," असं ते मला म्हणाले. "पण हे त्यांना सांगायचं नाही, वहिनी. सांगून म्हणायला लावलेलं मला नको." मी ऐकलं. रात्री नवरा म्हणाला, "त्याला जायचंच असेल तर मी कोण अडवणारा? एकदा विचारलं असतं त्यानं, 'दादा, जाऊ का', तर म्हटलं असतं ना मी, नको जाऊस. पण हे त्याला सांगू नकोस." मी हेही ऐकलं. दोघांची शपथ डोक्यावर घेऊन मी कूस बदलली आणि मनातल्या मनात दोघांच्या टाळक्यात एकेक पक्कड घातली.

नवं मॉडेल त्याच आठवड्यात तयार झालं. गुरुवारी एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेऊन दाखवायचं होतं. बाईंना पसंत पडलं तर त्यांच्या सगळ्या शाखांमध्ये आमच्या खुर्च्या जाणार होत्या. वर्कशॉपमध्ये खुर्ची लोण्यासारखी चालत होती. सोमवारी धूळ पुसायला म्हणून मी चोंबडीची वायर काढली, दुपारी खुर्ची पुन्हा चालू केली, तर ती ठोंब्यासारखी गप्प. दोन्ही बोर्डांवरचे हिरवे दिवे लागलेले, म्हणजे दोघंही ठणठणीत. बटण दाबलं तर काही नाही. चोंबडी जोडली, खुर्ची चालू. काढून परत बंद-चालू केली, खुर्ची गप्प.

मी दोघांचे प्रोग्रॅम उघडून बसले. पाणी कुठं मुरतंय ते शोधायला फार वेळ लागला नाही. नवऱ्यानं लिहिलं होतं की वरच्या बोर्डाकडून निदान एक निरोप येईपर्यंत गप्प बसायचं, मग बोलायला लागायचं. भाऊजींनी लिहिलं होतं की तारेवर दुसऱ्या कुणाचा आवाज आल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही. समोरचा जागा आहे की नाही हे न बघता बडबड करू नये, हा विचार चांगलाच आहे. मात्र दोघांपैकी एकानं तरी सुरुवात करावी लागते. जुन्या मॉडेलच्या वेळी हे चहा पिता पिता ठरलं होतं. हे मॉडेल अबोल्यात लिहिलं गेलं होतं. माझ्या चोंबडीनं हजेरी घेतली की वरच्याला वाटायचं, चला, समोरचा बोलला, आणि तो बोलला की खालचाही घडाघडा बोलायला लागायचा. ती नसली की दोन्ही बोर्ड कान टवकारून, तोंड मिटून, आयुष्यभर बसून राहिले असते.

मी इतकी हसले की मला त्याच खुर्चीत बसावं लागलं.

दोघांना सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण सांगून काय झालं असतं तेही मला पाठ होतं. नवरा म्हणाला असता, "त्याला सांग, त्याच्यात बदल कर." भाऊजी म्हणाले असते, "त्यांना सांगा, त्यांच्यात." शेवटी चिडून मीच कुठंतरी एक ओळ बदलली असती, खुर्ची चालली असती, शुक्रवार उजाडला असता आणि भाऊजींनी होकार कळवला असता. तेव्हा मी चोंबडी उचलली आणि कपाटात चादरींच्या खाली ठेवून दिली. खुर्ची पास झाली असं सांगून ती पॅक करायला लावली. मग मी माझा घसा बसवला.

घसा बसवणं सोपं असतं. सकाळी नुसते ओठ हलवायचे, गळ्याला हात लावायचा आणि चेहरा पाडायचा. घरात हाहाकार झाला. नवरा म्हणाला, "त्याला सांग, गाडीत खुर्ची आज रात्रीच—" आणि थांबला. मी गळ्याकडे बोट दाखवलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, त्यांना विचारा, दवाखान्यात किती वाजता—" आणि तेही थांबले. संध्याकाळी दोघांनी एकाच वेळी मोर्चा सासूबाईंकडे वळवला.

सासूबाईंना मी त्याआधी दुपारीच सापडले होते. ओट्याशी भांडी विसळताना गुणगुणत होते आणि त्या मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, "घसा बसलाय ना तुझा?" मी गळ्याला हात लावला. "मग गात कोण होतं? नळ?" मला सगळं सांगावं लागलं. बोर्डांचं त्यांना कळलं नाही, पण भावांचं लगेच कळलं. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "धाकटा गेला तर हे घर मला खायला उठेल गं." आणि डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग ते पुसून, माझ्यासाठी मिठाचं गरम पाणी करून त्यांनी सगळ्यांसमोर मला गुळण्या करायला लावल्या, बराच वेळ, बहुतेक शिक्षा म्हणूनही. मुलगे निरोप घेऊन आले तेव्हा म्हणाल्या, "मला हल्ली कमी ऐकू येतं." शेजारच्या घरात चमचा पडला तरी त्यांना ऐकू येतं.

गुरुवारी आम्ही खुर्ची दवाखान्यात नेली. पेशंट म्हणून सासरे होतेच. डॉक्टरीणबाई बुटक्या, चटपटीत, हातमोजे घालून उभ्या. सासरे खुर्चीत बसले, बाईंनी बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही. सासऱ्यांनी मात्र सवयीनं डोळे मिटले होते.

"प्लग?" बाई म्हणाल्या.

"लावलाय," दोघं भाऊ एकदम म्हणाले आणि एकदम म्हटल्याबद्दल दोघांनाही राग आला.

नवऱ्यानं बुडाचं झाकण उघडलं, भाऊजींनी डोक्याकडचं. दोन्हीकडे हिरवे दिवे. नवरा खालून म्हणाला, "चोंबडी कुठंय? जोड बघू." मी हातानंच खूण केली, घरी. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गरम पाण्याशिवायच गुळणी केली असती. "बरं, त्याला विचार, बटणाचा निरोप निघतोय का." मी गळ्याला हात लावला. "वहिनी, त्यांना विचारा, मोटरला वीज येते का." मी गळ्यावरचा हात तसाच ठेवला. दोघांनी वडिलांकडे पाहिलं.

पण वडिलांच्या तोंडात तोवर आरसा गेला होता. बाईंना रिकामं उभं राहायची सवय नव्हती. समोर खुर्ची आहे, खुर्चीत माणूस आहे, माणसाला दात आहेत, म्हणून त्यांनी काम सुरू केलं होतं. सासरे काहीतरी "आं आं" म्हणाले. "बोलायचं नाही, तोंड उघडं," बाई म्हणाल्या. मग मुलांकडे न बघता म्हणाल्या, "यांचे दात बघून होईपर्यंत वेळ आहे तुम्हाला. नंतर माझे पेशंट येतात. तोवर चालली नाही तर घेऊन जा."

खोलीत बोलू शकणारे आता ते दोघंच उरले होते. हे जमलं नाही तर ऑर्डरही जाणार होती आणि भाऊजीही, आणि दोन्हीचं पाप चादरींच्या खाली निघणार होतं.

"वरचे झाले," बाई म्हणाल्या.

नवरा बुडाशी मांडी घालून बसला होता, भाऊजी डोक्याशी उभे. मध्ये वडील. कुणी वायर हलवून बघत होतं, कुणी तोच स्क्रू परत परत पिळत होतं. नवऱ्याचा कान लाल झाला होता. तो माझ्याकडे बघायचा, मी खिडकीकडे बघायचे.

"खालचे, डावीकडचे झाले."

"ए," नवरा म्हणाला.

भाऊजींच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"तुझा बोर्ड काही बोलतोय का?"

मी खिडकीकडे बघायचं सोंग सोडून भाऊजींकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "तो तुझ्याची वाट बघतोय."

"माझ्याची? कशासाठी?"

"तुझा काहीतरी बोलला की मग माझा बोलेल."

"अरे, पण माझा तुझ्याची वाट बघतोय."

"का?"

नवऱ्याकडेही कारण तेच होतं. भाऊजींच्या नाकातून एक आवाज आला. ते हसू दाबत होते आणि ते त्यांना कधीच जमत नाही. नवऱ्यानं मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलताना मला दिसले. सासऱ्यांच्या तोंडात आरसा होता म्हणून, नाहीतर तेही हसले असते. त्यांचं पोट हलत होतं, त्यावर बाईंनी हात ठेवून ते थांबवलं.

"खालचे उजवीकडचे राहिलेत," बाई म्हणाल्या.

मग घाई झाली. लॅपटॉप निघाले. "मी बदलतो," नवरा म्हणाला. "तू राहू दे, मी बदलतो," भाऊजी म्हणाले. "अरे, मोटरी माझ्या आहेत, मी सुरू करतो." "बटण माझं आहे, मी करतो." इतके महिने कुणी सुरुवात करायची नव्हती आणि आता दोघांनाही करायची होती. शेवटी दोघांनीही आपापली ओळ बदलली आणि दोन्ही बोर्ड एकदमच चालू केले.

"दोघं एकदम बोलले तर गोंधळ नाही का होणार?" बाईंनी विचारलं. त्यांचं लक्ष होतं तर.

"नाही," नवरा म्हणाला. "निरोपांना नंबर असतात. लहान नंबराचा निरोप पुढे जातो, दुसरा आपणहून मागे सरतो, आणि पहिल्याचं झालं की बोलतो. कुणाचंच बोलणं वाया जात नाही."

"लहान नंबर कुणाचा?"

"दादाचा," भाऊजी म्हणाले. "तिथंही."

'ते' जाऊन 'दादा' परत आला होता. नवऱ्याच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. बाईंनी बटण दाबलं. सासरे सावकाश मागे झुकले, दिवा लागला, पेला भरला. बाईंनी खुर्ची वर नेली, खाली आणली, पाठ उभी केली, परत आडवी केली. "ठेवून जा," त्या म्हणाल्या. "आणि यांनाही ठेवून जा. एक दाढ काढावी लागेल."

सासरे आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, तिचं आम्हाला घरी उत्तर द्यावं लागणार होतं. पण खुर्ची चालली होती, त्यामुळे कुणी थांबलं नाही.

परत येताना नवरा गाडी चालवत होता, भाऊजी त्याच्या शेजारी, मी मागे, रिकाम्या खोक्यांमध्ये. पुढे बोलणं चाललं होतं. पेला जरा जास्त भरतो. दिवा अर्धा क्षण उशिरा लागतो. बाईंचा हात काही हलका नाही. मी वाट बघत होते. मोटरी झाल्या, तारा झाल्या, बाबांची दाढ झाली. नोकरीचं नाव कुणी काढेना. मला मागून ओरडावंसं वाटत होतं, अरे विचार त्याला, आणि ओरडता येत नव्हतं, कारण माझा घसा बसलेला होता. आपण खणलेल्या खड्ड्यात आपणच कसे पडतो ते मी खोक्यांमध्ये बसून बघत होते.

"पेल्याचं सोमवारी बघतो," भाऊजी बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

सिग्नल लाल होता. नवऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"उद्या कळवायचंय ना तुला तिकडे?"

"हो."

"मग काय कळवणार?"

"बघू."

मी सीटचं रेक्झिन मुठीत धरलं. झालं, आता हा म्हणणार, तुझी इच्छा. मला याचा स्वभाव माहीत आहे. याला चूक कळते, पण ती तोंडातून बाहेर यायला याची जीभ रस्ता देत नाही.

"जाऊ नकोस," नवरा म्हणाला.

दिवा हिरवा झाला. गाडी हलली नाही. मागून एकानं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं.

"दादा, सिग्नल."

"आधी सांग."

"नाही जात," भाऊजी म्हणाले. "चल आता, शिव्या घालतायत लोक."

गाडी निघाली. नवरा समोर बघून चालवत होता आणि हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसत होता. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी विचारलं, "दिव्याचा उशीर तुझ्याकडून आहे की माझ्याकडून?" आणि नवरा म्हणाला, "तुझ्याकडून," आणि भाऊजी म्हणाले, "शक्यच नाही," आणि दोघं परत सुरू झाले. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा.

मला रडू येत होतं आणि फार बरं वाटत होतं. तेवढ्यात बाजाराचा चौक दिसला आणि मला आठवलं की सासूबाईंनी भाजी आणायला सांगितली होती.

"मला बाजारापाशी सोडा," मी खणखणीत आवाजात म्हणाले.

कुणी वळून पाहिलं नाही. मी पुन्हा म्हणाले, आणखी मोठ्यानं. नवरा भाऊजींना सांगत होता की त्याच्याकडून उशीर कसा शक्य नाही. उन्हाळ्यापासून या दोघांचा शब्द न् शब्द मी ऐकला होता, आणि आता माझा ऐकायला गाडीत कुणी मोकळं नव्हतं. बाजार मागे गेला.